मिक्सरच्या हेडफोनमध्ये आवाज छान, पण कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं की घूं, खरखर नाहीतर शांतता: काय काय तपासायचं

अ‍ॅनालॉग मिक्सर (माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणारी पेटी) घरी आणला, माइक लावला, हेडफोनमध्ये आवाज एकदम स्वच्छ येतोय, आणि कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्डचं बटण दाबलं की सगळा विचका. हा प्रकार मी आधी स्वतःच्या खोलीत आणि मग मित्रमंडळींकडे इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोनवर "जोडलंय रे, पण..." एवढं ऐकलं तरी पुढचं वाक्य काय असेल ते कळतं. जवळजवळ दर वेळी मिक्सर चांगला असतो, कॉम्प्युटरही चांगला असतो, आणि गडबड मधल्या दीड-दोन मीटर वायरमध्ये असते, ती वायर दोन्ही टोकांना कुठे खुपसलीय त्यात असते, किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असते. म्हणून नवीन काही विकत घ्यायच्या आधी हे एकदा क्रमाने करून बघा.

आधी नीट ऐका, नक्की काय होतंय

"आवाज खराब येतो" एवढ्यावरून काहीच शोधता येत नाही. दोन मिनिटं कान देऊन ऐका आणि यातलं तुमचं कोणतं ते ठरवा:

- सलग जाड घूंऽऽ, कोणी बोलत नसतानाही, आणि मिक्सरवरचे सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) खाली ओढले तरी तेवढाच
- बारीक चिंचिं किंवा किरकिर, जी माउस हलवला की, पान सरकवलं की बदलते
- मूळ आवाज अगदी बारीक आणि मागे सतत सूंऽऽ
- आवाज फाटतो, मास्टर फेडर (सगळ्यांचा एकत्र फेडर) खाली केला तरी फाटलेलाच राहतो, फक्त लहान होतो
- एकाच कानात येतो
- हेडफोनवर पोकळ आणि विचित्र पसरलेला वाटतो, आणि मोबाइलच्या एकुलत्या स्पीकरवर वाजवला तर गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ गायब
- दुसरा ट्रॅक रेकॉर्ड केला तर त्यात पहिलाही उतरतो
- स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, नाहीतर शिट्टी सुरू होऊन वाढत जाते
- मधेच टिक-टिक, आवाज तुटतो
- रेकॉर्डिंगचा मीटर हलतच नाही

दोन-तीन लक्षणं एकत्र असली तर घाबरू नका, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला तर कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिली तपासणी: कॉम्प्युटरची वायर काढून ऐका

फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. मिक्सर आणि कॉम्प्युटरमधली प्रत्येक वायर काढा, यूएसबी असेल तर तीही, आणि मिक्सरच्या हेडफोन जॅकवर ऐका. इथे आवाज स्वच्छ असेल तर माइक, माइकची केबल आणि मिक्सर तिघेही सुटले, त्यांच्यावर वेळ घालवू नका. इथेच घूं किंवा खरखर असेल तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये तास घालवून काही होणार नाही, आधी माइकची केबल बदला, मग मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला (दुसऱ्या इनपुटच्या रांगेला) लावून बघा, मग दुसरा माइक. सगळे चॅनल बंद आणि एकही इनपुट जोडलेला नसताना हेडफोनमध्ये जाड घूं येत असेल तर संशय मिक्सरच्या पॉवर सप्लायवर, त्याबद्दल शेवटी बोलतो.

दुसरी: कॉम्प्युटर नक्की कोणाचं ऐकतोय

मीटर हलत नसेल तर निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडतं. लॅपटॉपला स्वतःचा छोटा माइक असतो आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बिनदिक्कत तोच धरून बसतं. ओळखायचं कसं? रेकॉर्ड चालू करून लॅपटॉपच्या कडेवर नखाने टिचकी मारा. टिचकी मोठ्याने उमटली तर तुम्ही मिक्सर नाही, लॅपटॉपचा माइक रेकॉर्ड करताय. इनपुट बदला.

इनपुट बरोबर आहे तरी पूर्ण सपाट रेघ येत असेल तर परवानगी बघा. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी असते, आणि ती बंद असेल तर लाइन-इनमधून (मिक्सरसारख्या उपकरणाच्या मोठ्या सिग्नलसाठीच्या जॅकमधून) किंवा यूएसबीतून येणारा आवाजही अडतो, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी येणारा प्रत्येक आवाज मायक्रोफोनच असतो. कसली सूचनाही बरेचदा येत नाही, नुसती शांतता रेकॉर्ड होते.

विंडोजवर आणखी तीन-चार ठिकाणं आहेत. रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये मायक्रोफोन बूस्ट असेल तर तो शून्यावर आणा, कारण तो १०, २०, ३० डीबी (डेसिबल) अशा उड्या मारतो आणि मिक्सरमधून आधीच मोठा झालेला आवाज त्यावर आणखी वाढवला की फाटणारच. एन्हान्समेंट नावाखाली नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन वगैरे असेल ते सगळं बंद. ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं, लांबवलेला सूर त्याला आवाज न वाटता गोंगाट वाटतो आणि ते तो गिळून टाकतं, गाणं पंप मारल्यासारखं वरखाली व्हायला लागतं. "लिसन टू धिस डिव्हाइस" वर टिक असेल तर काढा, आवाज दोनदा येण्याचं आणि शिट्टीचं ते एक नेहमीचं कारण. आणि अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये फॉरमॅट दोन चॅनलचा, म्हणजे डावा-उजवा, आहे ना ते बघा, मी असे कितीतरी यूएसबी मिक्सर बघितलेत जे विंडोजने एका चॅनलचा माइक म्हणून नोंदवून ठेवले होते आणि माणूस बिचारा केबल बदलत बसला होता.

तिथेच सॅम्पल रेटही (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले जातात तो आकडा) दिसतो. विंडोजमध्ये, मिक्सरमध्ये किंवा इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला आवाज आत-बाहेर करून देणारी वेगळी डबी), आणि रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्टमध्ये, सगळीकडे एकच ठेवा, ४४.१ तर ४४.१, ४८ तर ४८. कुठे एक आणि कुठे दुसरा असला की टिक-टिक येते, किंवा रेकॉर्डिंग जवळपास ९ टक्के जलद वाजून सूर दीड सेमीटोनच्या आसपास चढतो, आणि गाणाऱ्याला वाटतं आपणच वर गेलो.

टिक-टिक सॅम्पल रेट जुळवूनही राहिली तर बफर वाढवा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज साठवून हाताळतो तो साठा. इथे मिक्सरवाल्यांचा एक मोठा फायदा आहे जो फार जण वापरत नाहीत: तुम्ही स्वतःचा आवाज मिक्सरच्या हेडफोनमध्ये थेट ऐकताय, तो कॉम्प्युटरमधून फिरून येत नाही, त्यामुळे बफर लहान ठेवायची गरजच नाही. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद आणि १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद, पण सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (रेकॉर्ड होणारा आवाज सॉफ्टवेअरने लगेच ऐकवणं) बंद असेल तर तो उशीर तुमच्या कानापर्यंत पोचतच नाही. बिनधास्त ५१२ किंवा १०२४ करा. सॉफ्टवेअर मॉनिटरिंग आणि मिक्सरचं थेट ऐकणं दोन्ही चालू ठेवलं की आवाज दोनदा येतो, एक लगेच आणि एक उशिरा. सॉफ्टवेअरमधलं बंद करा.

तिसरी: लेव्हल, म्हणजे फाटणं आणि सूं

आवाज मिक्सरमध्ये तीन ठिकाणी वाढतो, चॅनलच्या वरचा गेन, चॅनलचा फेडर आणि मास्टर, आणि त्यानंतर चौथ्यांदा कॉम्प्युटरच्या इनपुटला. फाटणं जिथे होतं तिथेच ते दुरुस्त करावं लागतं, पुढच्या टप्प्यावर आवाज कमी करून फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून मास्टर खाली ओढूनही फाटतो म्हणणाऱ्यांना मी गेनचं बटण दाखवतो.

पद्धत अशी. गेन पूर्ण बंद, चॅनलचा फेडर आणि मास्टर दोन्ही ० च्या खुणेवर. आता जितक्या जोरात खरोखर गाणार किंवा वाजवणार आहात तितक्या जोरात गा, "हॅलो चेक" करू नका, कारण गाताना प्रत्येक जण त्याच्यापेक्षा मोठा होतो. गेन हळूहळू वाढवा, मिक्सरचा मीटर शून्याच्या आसपास नाचू दे, लाल दिवा लागला की थोडं मागे या. त्यानंतरच कॉम्प्युटरकडे बघा आणि तिथला इनपुट असा लावा की सरासरी -१८ डीबीच्या आसपास आणि सगळ्यात मोठी उसळी -६ डीबीच्या वर जाणार नाही. कॉम्प्युटरच्या मीटरवर ० म्हणजे कडेलोट, त्याच्या वर जागाच नाही, आणि मिक्सरवरचं ० म्हणजे नेहमीची कामाची पातळी, त्याच्या वर अजून भरपूर जागा असते. ही दोन शून्यं वेगळी आहेत हे डोक्यात बसलं की निम्मं फाटणं आपोआप जातं.

सूं याच्या बरोबर उलट्या चुकीने येतो. मिक्सरचा गेन घाबरून कमी ठेवलेला आणि कॉम्प्युटरचा इनपुट शंभरावर, मग मिक्सरची आणि साउंडकार्डची स्वतःची सूं त्याच्याबरोबर मोठी होते. वाढवायचं ते सुरुवातीलाच वाढवा.

चौथी: आवाज गोल फिरतोय का

पहिला ट्रॅक दुसऱ्यात उतरतो, ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते, आणि इथे बिघाड काहीच नसतो. विचार करा, कॉम्प्युटरचा आउटपुट तुम्ही मिक्सरच्या एका स्टिरिओ चॅनलला दिलाय म्हणजे जुना ट्रॅक ऐकता येईल. तो चॅनल मेन मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या चॅनलच्या एकत्र आवाजात, जातो. आणि मेन मिक्सच तुम्ही कॉम्प्युटरला रेकॉर्डिंगसाठी पाठवताय. मग जुना ट्रॅक परत आत जाणारच, जाईल नाहीतर काय करेल. आणि त्यात सॉफ्टवेअर मॉनिटरिंग चालू असेल तर आवाज गोल गोल फिरून शिट्टी होते, तेव्हा लगेच मास्टर खाली ओढा, हेडफोन कानावर असतील तर आधी ते काढा, कारण ही शिट्टी कानाला खरंच इजा करू शकते.

सोडवायचे रस्ते मिक्सरप्रमाणे बदलतात. टू-ट्रॅक इन किंवा टेप इन (बाहेरचा स्टिरिओ आवाज घ्यायचा इनपुट) असेल आणि त्याला फक्त हेडफोनकडे किंवा कंट्रोल रूमकडे (ऐकायच्या स्पीकरच्या आउटकडे) पाठवायचं बटण असेल तर कॉम्प्युटरचा आवाज तिथे द्या आणि "मेन मिक्सकडे" हे बटण दाबू नका, वरच राहू द्या. यूएसबी मिक्सरवरही बहुतेक वेळा हेच दोन पर्याय असतात. असं बटण नसेल तर रेकॉर्डिंगसाठी मेन आउट वापरायचा सोडून ऑक्स सेंड (चॅनलचा आवाज मेनपासून वेगळा बाहेर काढणारी वाट) वापरा: फक्त माइकच्या चॅनलचा ऑक्स उघडा, कॉम्प्युटरच्या चॅनलचा बंद, आणि ऑक्सच्या आउटपुटवरून केबल कॉम्प्युटरला. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच निघणारा, असेल तर आणखी छान, हेडफोनसाठी फेडर वरखाली केले तरी रेकॉर्डिंगची लेव्हल हलत नाही. काही मिक्सरवर म्यूटच्या बटणाशेजारी ऑल्ट ३-४ लिहिलेलं असतं, ते दाबलं की चॅनल मेनमधून निघून वेगळ्या आउटपुटला जातो, लोक त्याला बिघडलेलं म्यूट समजतात पण ते नेमकं याच कामाचं आहे.

जाता जाता, लहान यूएसबी मिक्सर बहुतेक फक्त दोन चॅनल पाठवतात, म्हणजे मेन मिक्सचा डावा-उजवा. आठ माइक लावले म्हणून आठ वेगळे ट्रॅक मिळत नाहीत. चार-चार तास ड्रायव्हर शोधणारे लोक मी बघितलेत, तो ड्रायव्हर नसतोच. दोनच वेगळे ट्रॅक हवे असतील तर एक चॅनल पूर्ण डावीकडे पॅन करा आणि दुसरा पूर्ण उजवीकडे, नंतर सॉफ्टवेअरमध्ये फोडून घ्या.

पाचवी: केबल कुठून कुठे, आणि कुठली

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण अर्ध्याहून जास्त चुकीच्या जोडण्या इथल्याच.

मिक्सरचा मेन आउट म्हणजे लाइन लेव्हल, +४ डीबीयू असेल तर सुमारे १.२ व्होल्ट. टेप आउट किंवा रेक आउटचे लाल-पांढरे आरसीए बहुतेक -१० डीबीव्हीचे, सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे चौपट लहान. आणि लॅपटॉपच्या माइक जॅकला हवे असतात काही मिलिव्होल्ट. मेन आउट सरळ त्यात घातला तर फाटणारच, शिवाय तो जॅक बहुतेक मोनो असतो, म्हणजे दोन चॅनल पाठवून एकच पोचतो, आणि छोट्या माइकसाठी त्यातून काही व्होल्टचा डीसीही बाहेर येत असतो. डेस्कटॉपच्या मागे निळा जॅक असेल तर तो लाइन-इन, गुलाबी माइक आणि हिरवा आउट. निळ्यात लावा. लॅपटॉपवर एकच जॅक आणि त्याच्यावर हेडसेटचं चित्र असेल तर त्यात लाइन-इन नाही, तिथे झगडण्यात अर्थ नाही.

आता ती पोकळ आवाजाची गोष्ट, जिच्यावर मी स्वतः एकदा अख्खा रविवार घालवलाय. बऱ्याच मिक्सरवर मेन आउटचा मोठा जॅक बॅलन्स्ड असतो: टोकावर आवाज, मधल्या कड्यावर तोच आवाज उलटा करून, आणि मागे ग्राउंड. स्टिरिओच्या छोट्या पिनलाही तीनच भाग असतात, पण तिथे टोकावर डावा आणि कड्यावर उजवा. दिसायला दोन्ही पिना सारख्या. म्हणून कोणी एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला छोटी स्टिरिओ पिन असलेली केबल मेन आउटमधून लाइन-इनला लावतो, आणि डाव्या कानात आवाज, उजव्या कानात तोच आवाज उलटा जातो. हेडफोनवर तो पसरलेला वाटतो, पण मोनो स्पीकरवर दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात. याच्या उलटही होतं: मिक्सरच्या हेडफोनच्या जॅकमधून स्टिरिओ केबल इंटरफेसच्या एका बॅलन्स्ड इनपुटला लावली की तो डाव्यातून उजवा वजा करतो, आणि मधोमध ठेवलेला गळा नेमका गायब.

बरोबर केबल म्हणजे दोन मोठ्या मोनो पिना एका बाजूला, मिक्सरच्या डाव्या आणि उजव्या आउटला, आणि दुसऱ्या बाजूला एक ३.५ एमएमची स्टिरिओ पिन. किंवा टेप आउटवरून दोन आरसीए ते ३.५ एमएम, लेव्हलही जुळते, घरच्या कामाला मला तीच आवडते. फक्त एक लक्षात ठेवा, काही मिक्सरवर टेप आउट मास्टर फेडरच्या आधीच निघतो, मग फेडरने रेकॉर्डिंगची लेव्हल बदलणार नाही, तो बिघाड नाही.

वेगळा ऑडिओ इंटरफेस असेल तर मेन आउटमधून दोन बॅलन्स्ड केबल सरळ त्याच्या लाइन इनपुटला. मोठी पिनच वापरा, बऱ्याच इंटरफेसच्या जोड-जॅकमध्ये एक्सएलआर (माइकच्या केबलची तीन पिनांची गोल पिन) घातला की तो माइक प्रीअ‍ॅम्पकडे जातो. आणि इंटरफेसवरचं ४८ व्होल्ट फँटम (केबलमधून माइकला दिली जाणारी वीज) बंद केलंय हे जोडायच्या आधी बघा, ते मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटं जाऊ नये.

एकाच कानात येत असेल तर डावी-उजवी पिन मिक्सरच्या बाजूला अदलाबदल करा. मुका कान बदलला तर मिक्सरचा आउट किंवा पॅन, नाही बदलला तर केबल किंवा कॉम्प्युटरचा इनपुट.

सहावी: घूं आणि चिंचिं

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. घूं किंवा चिंचिं जागच्या जागी थांबली तर तुम्हाला कारण मिळालं. मिक्सर स्वतःच्या प्लगमधून जमिनीला जोडलेला, कॉम्प्युटर त्याच्या प्लगमधून, आणि मधली ऑडिओ केबलची जाळी तिसरा रस्ता, असं एक पूर्ण वर्तुळ तयार होतं आणि त्यातून वाहणारा किरकोळ करंट ५० किंवा ६० हर्ट्झचा आवाज होऊन ऐकू येतो. कॉम्प्युटरच्या आतली गडबडही याच रस्त्याने चिंचिं बनून येते.

उपाय स्वस्तातून महागाकडे: रेकॉर्ड करताना बॅटरीवर चालवा. मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. ऑडिओ केबल पॉवरच्या वायरींपासून आणि अडॅप्टरपासून लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. इंटरफेस असेल तर बॅलन्स्ड केबल. आणि एवढ्याने नाही गेलं तर ऑडिओ केबलच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली डबी, ज्यातून आवाज जातो पण तांब्याची सलग जोडणी तुटते. स्वस्त डबीत खर्जाचा आवाज थोडा कमी होतो, तरी घूंपेक्षा बरं.

अर्थची पिन तोडून किंवा तिच्यावर टेप लावून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. घूं जातो हे खरं, पण आत काही बिघडलं की मिक्सरची धातूची बॉडी आणि तुमच्या ओठाला लागलेला माइक थेट करंटवर येऊ शकतो.

इथे थांबायचं

मिक्सरला किंवा माइकला हात लावला की झिणझिण्या येतात, अगदी हलक्या जरी: हात लावणं बंद, भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. ते होईपर्यंत रेकॉर्डिंग नाही.

जळका वास, अडॅप्टर हात ठेववत नाही इतका गरम, किंवा पहिल्या तपासणीत सांगितलेला रिकाम्या मिक्सरमधला जाड घूं, हे मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचं काम. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर थकले की असा घूं येतो, १०० किंवा १२० हर्ट्झचा. ते कपॅसिटर बदलणं अवघड नसतं, पण प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते, म्हणून स्वतः उघडू नका. जॅक हलवला की आवाज येतो-जातो आणि केबल बदलूनही तसंच, तर बहुधा आतला सोल्डर सुटलाय, तेही त्याच्याकडेच. देताना एका कागदावर लिहून द्या: कुठला चॅनल, कुठला आउट, कॉम्प्युटरची वायर काढूनही होतं का, आणि चालू केल्यावर लगेच होतं की अर्ध्या तासाने.